अठरावं वाद्य

फेलोशिप मिळाली, तर मेहुण्याला तीन वर्षं तळ्याकाठचं घर मिळणार होतं. त्यात कामाला स्वतंत्र दालन, दालनाला उंच छत, दोन वेळचं गरम जेवण, आणि जेवताना ‘मग पुढे काय ठरवलंयस?’ असं कुणी विचारणार नाही याची हमी. कानवाल्यांना मिळणार होती त्यांच्याच घरामागची खोली. नऊ फूट रुंद, चौदा फूट लांब, उत्तरेला खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल, भिंतीशी वडिलांचा पियानो आणि या सगळ्याहून महाग वस्तू म्हणजे शांतता. दोघांचा फायदा शेजारी शेजारी मांडला तर कानवाल्यांचं पारडं जड होतं. म्हणूनच अर्ज मेहुण्याचा असला तरी भरला होता कानवाल्यांनी, सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत. कानवाल्यांच्या बायकोला, म्हणजे मेहुण्याच्या ताईला, यातून काय मिळणार होतं हे कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

कानवाले पियानो सुरात लावायचे. वडीलही तेच करायचे. वडिलांनी जाताना मागं ठेवल्या तीन गोष्टी: पियानो, तारांचे खुंटे पिळायची किल्ली आणि कान. पहिल्या दोन वापरून बाजूला ठेवता येतात, तिसरी नाही, हीच सगळी अडचण होती. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागं तीन-तीन तारा असतात आणि तिन्हींनी एका तोंडानं बोलायचं असतं. एक जरी केसभर सरकली तरी त्यांच्यात लाट उठते, वांव, वांव, वांव. खुंटा हळूहळू पिळला की लाट लांबते, मंदावते आणि थांबते. लाट थांबली की कानवाल्यांच्या कपाळावरची आठी उतरायची. थांबेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलेले कानवाले प्रतीक्षागृहातला पियानो लावत बसले आणि नंबर हुकला. एका ओळखीच्यांकडे सांत्वनाला गेले तेव्हा कोपऱ्यातल्या पियानोवर कुणाचा तरी कोपर टेकला. पुढचा तासभर घरातली मंडळी दबक्या आवाजात रडली, आणि शेवटी विधवेनंच हुंदका आवरून विचारलं, “झालं का हो तुमचं?”

अशा माणसाच्या नशिबी सतरा वाद्यं वाजवणारा मेहुणा आला होता.

सतरा हा आकडा मेहुण्यानं स्वतःच छापून घेतला होता. त्यात क्लॅरिनेट, व्हायोलिन, अकॉर्डियन अशी अब्रूदार मंडळी होती, आणि करवत, सायकलचा पंप, पावसाचा पत्रा हेही होते. खरं सांगायचं तर पोरगा हाताचा चांगला. पूर्वी एका हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, तेव्हा वेटर ताटं धरून उभे राहायचे. मग एका समीक्षकानं वर्तमानपत्रात लिहिलं, ‘सुरात वाजवणारे रोज जन्माला येतात.’ मेहुण्यानं ते कात्रण पाकिटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बँड सोडला. तेव्हापासून तो सुराच्या वाटेला गेला नाही. त्याची पहिली मोठी रचना तीन दारांसाठी होती, नाव ‘बिजागरी’. प्रयोगाला एकोणीस माणसं आली आणि एकोणीसही शेवटपर्यंत बसली, कारण तिसरं दार बाहेर जायचं होतं आणि ते वाजवलं जात होतं. दुसरी रचना चार पंख्यांसाठी. तिसऱ्या रचनेला तर श्रोते पहिल्या दहा मिनिटांत उठून गेले. तेव्हा मेहुण्यानं पत्रकात लिहिलं, ‘श्रोत्यांनी निघून जाऊन रचनेत भाग घेतला.’ त्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या चौदा प्रती गेल्या, पैकी बारा ताईच्या कपाटात सापडतात.

तो चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला होता. त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या खोलीतला घुमारा ‘प्रामाणिक’ आहे असं त्यानं पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं आणि कानवाल्यांचं टेबल बोळात आलं, फ्रीज आणि चपलांच्या फळीच्या मधोमध. तिथं बसून कानवाले लोकांच्या अकॉर्डियनमधल्या सुरांच्या धातूच्या पत्त्या घासायचे. फ्रीज गुरगुरायचा, आतून पंप सुसकारायचा, आणि या दोघांच्या मधून पत्तीची लाट ऐकायची म्हणजे जत्रेत सुई पडल्याचा आवाज शोधण्यासारखं. वर्षभरात दोन शाळांनी वाद्यं परत पाठवली. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,’ असं मुख्याध्यापिकेनं लिहिलं. कानवाल्यांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि बायकोला दाखवली नाही. बायकोनं कपडे धुताना वाचली होती.

“त्याला हाकल म्हणत नाही मी,” कानवाले एकदा जेवताना म्हणाले होते. “सन्मानानं जाऊ दे. पण जाऊ दे.”

“माझा भाऊ आहे तो,” बायको म्हणाली. “आणि आवाज हळू. त्याला ऐकू जाईल.”

“त्याला? ऐकू?” कानवाल्यांनी घास खाली ठेवला. “मग प्रश्नच मिटला असता ना!”

बायको पडदे शिवायची. नाटकगृहांचे, हॉटेलांचे, कापडाचे लांबच लांब तागे. ते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापायची आणि दर जेवणाला गुंडाळून उचलून ठेवायची. याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. तिचं मोजमापाचं टेप मात्र कायम गळ्यात असे.

फेलोशिपसाठी मेहुण्यानं आयुष्यातली सर्वांत मोठी रचना घेतली होती. नाव ‘बिघाड’. वाद्य: कानवाल्यांच्या वडिलांचा पियानो. पद्धत अशी की रोज सकाळी एक तार, फक्त एक, मोजून मापून बेसूर करायची आणि वहीत नोंद ठेवायची. दोनशे तीस तारांना आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत कानवाल्यांनी खोलीत पाऊल टाकलं नाही. बाप आजारी असला की माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो, तसं त्यांचं चालायचं. पण मनाशी हिशेब पक्का होता: पियानो सुरातून जाईल, मेहुणाही घरातून जाईल. मग पियानो सावकाश लावता येईल.

समिती ऐकायला घरी येणार, तीही ‘कलावंताच्या कार्यस्थळी’, असं पत्र आलं. माणसं तीन: एक अध्यक्षीणबाई, एक सही करणारे कार्यालयातले गृहस्थ, आणि तो कात्रणवाला समीक्षक. मेहुणा सकाळी नऊलाच नवा शर्ट घालून त्यांना आणायला स्टेशनवर निघाला.

“भावोजी,” तो दारात थबकून म्हणाला, “आज तेवढं आतल्या कशाला हात लावू नका हां.”

“मी कशाला लावतोय? आठ महिने लावला का?”

“तसं नाही. जरा तुमच्या बोटांची भीती वाटते.”

तो गेला आणि बायको फडकं घेऊन आली. “अहो, खोलीत बोटभर धूळ आहे. मोठी माणसं यायचीत. खिडकी उघडा आणि एवढा हात फिरवा. मला अजून पडद्यांची खालची दुमड उसवायचीय.”

आता धूळ पुसणं म्हणजे हात लावणं की नाही, यावर कानवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि नाही असं ठरवलं. खिडकी उघडली, टेबल पुसलं, पंप पुसला, करवत पुसली. पियानोवर आले. झाकण पुसलं. झाकणाखालीही धूळ असणारच, म्हणून ते उघडलं. फडकं फिरलं, आणि मधली एक पट्टी बोलली.

वांव-वांव-वांव-वांव.

असा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. बापाचा गळा कुणी तरी तिघं तीन बाजूंनी ओढत होते. एवढी एकच लावतो, कानवाल्यांनी मनाशी म्हटलं. एवढ्यातली एक कुणाला कळणार? किल्ली कुठं असते हे हातांना ठाऊक होतं. शेजारच्या तारा गप्प करायला कापडाची पट्टी तारांत खुपसली, खुंटा पिळला, लाट लांबली, मंदावली, थांबली. कपाळावरची आठी उतरली. मग सवयीनं त्यांनी शेजारची पट्टी दाबली, आणि तिथंच सगळं फसलं. कारण सगळीच माणसं खोटं बोलत असतात तेव्हा खपून जातं, एक खरं बोलला की बाकीच्यांचं उघडं पडतं. शेजारची लावावी लागली. मग तिच्या शेजारची. पियानो मधून लावायला घेतात, मग खाली उतरतात, मग वर चढतात. साडेदहाला कानवाले खाली उतरायला लागले. बारा वाजता वर चढू लागले. बायकोनं दोनदा दारातून डोकावून पाहिलं, परत गेली, आणि बोळाचं दार अलगद ओढून घेतलं.

गाडी लवकर आली होती की स्टेशनवर चहा टाळला होता, कोण जाणे. साडेबाराला मेहुणा समितीला घेऊन मागच्या दारानं आत आला तेव्हा कानवाले पाठमोरे, कान पियानोला लावून, शेवटच्या सप्तकात होते. ट्रिंग. ट्रिंग. ट्रिंऽऽग.

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. आठ महिने, दोनशे तीस तारा, एक वही, सगळं मातीत. कानवाल्यांच्या पाठीत करवत घालावी की भिंतीवर डोकं आपटावं, हे ठरवत असतानाच अध्यक्षीणबाई त्याच्या कानाशी कुजबुजल्या, “सुरू झालंय का?”

मेहुण्याची कारकीर्द त्या दोन क्षणांवर टांगली होती. त्याच्या सतरा वाद्यांवर कुणी काहीही म्हणो, पण अठरावं अंग, म्हणजे प्रसंगावधान, त्याला उपजत होतं.

“हो,” तो म्हणाला. “बूट बाहेर काढा.”

तिघं मोजे घातलेल्या पायांनी जमिनीवर बसले. मेहुणा उभाच. नुसतं उभं राहून आपण संगीतकार दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं क्लॅरिनेट उचललं आणि कानवाल्यांनी वाजवलेला प्रत्येक सूर केसभर खाली धरून फुंकला.

कानवाल्यांच्या खांद्यांना झटका बसला. “बंद कर,” ते न वळता म्हणाले.

मेहुण्यानं पुन्हा फुंकला.

“अरे, बंद कर म्हणतो ना! आलास पण? थोडंच राहिलंय.”

मेहुण्यानं पंप घेतला. मग करवत. कानवाले एक पट्टी लावायचे आणि मागून करवत तिला वेडावून दाखवायची. समीक्षकाची पेन्सिल पळत होती.

“चार वर्षं!” कानवाले ओरडले. मान अजून पियानोतच. “चार वर्षं त्या फ्रीजला टेकून पत्त्या घासतोय मी! माझं टेबल चपलांत आहे! शाळावाली बाई म्हणते तुमच्याकडून अपेक्षा नव्हती! अरे, एक दिवस, एक दिवस तरी मला ऐकू दे!”

आणि किल्ली उगारून ते गर्रकन वळले.

समोर तीन अनोळखी माणसं मांडी घालून बसली होती. एका बाईंचे डोळे भरून आले होते. कानवाल्यांचा हात तसाच वर राहिला. मागं, सगळ्यात वरच्या पट्टीची तिसरी तार लावायची राहून गेली होती. नुकतीच दाबलेली ती पट्टी बारीक, किडकिडीत लाट सोडत विझत गेली.

शेवटी सही करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “संपलं का?” त्या खोलीत तेवढाच एक सरळ प्रश्न विचारला गेला.

“शेवटची तार,” अध्यक्षीणबाई नाक पुसत म्हणाल्या, “ती तुम्ही तशीच सोडलीत!”

“छे हो, राहिली ती. दोन मिनिटं द्या, लावून टाकतो.” कानवाले वळले.

“नको!” अध्यक्षीणबाई, समीक्षक आणि मेहुणा एकदमच ओरडले.

स्वयंपाकघरात पडद्याचं कापड गुंडाळून बायकोनं चहा दिला. समीक्षक कानवाल्यांच्या शेजारी सरकून बसला. “तुम्ही सुरुवात मधूनच केलीत.”

“मधूनच करतात.”

“मधूनच करतात,” समीक्षकानं लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

“अहो, तुमचा काही तरी गैरसमज होतोय,” कानवाले घायकुतीला येऊन म्हणाले. “मी धूळ पुसायला गेलो होतो. हे सगळं चुकून झालंय.”

“भावोजींचा सगळा भर चुकीवरच असतो,” मेहुणा बशीत चहा ओतत म्हणाला. “मी त्यांना किती वर्षं सांगतोय, रंगमंचावर या. घरातला माणूस, बुजरा आहे.”

“पाठीमागून दिसत होतंच ते,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “काय पाठ आहे!”

कानवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. माणूस बुडताना काठाकडे पाहतो तसं. बायको गृहस्थांना विचारत होती, “तळ्याकाठी दमट नाही ना हो? यांना खोकला होतो.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. फेलोशिप मंजूर. रचनेचं नाव समितीनंच सुचवलं होतं: ‘दुरुस्ती’. फेलोशिप जोडीला दिली होती, एकट्या संगीतकाराला ती घेता येणार नव्हती. दोघांनी तीन वर्षं तळ्याकाठच्या घरात राहायचं, पियानो सोबत न्यायचा, महिन्यातून एक प्रयोग करायचा. एका कलमात स्पष्ट लिहिलं होतं की शेवटची तार प्रथम सादरीकरणाप्रमाणेच सोडावी. खाली गृहस्थांची सही होती.

“मी नाही जाणार,” कानवाले म्हणाले.

“मग नका जाऊ,” बायको शिवणीत टाचणी खोचत म्हणाली. “तुम्ही नाही गेलात तर तोही नाही जाणार. राहील इथंच. मला काय, चार वर्षं वाढतेच आहे दोघांना. आणखी चार.”

कानवाले मनाशी हिशेब करू लागले. आत मेहुणा पावसाचा पत्रा हलवून पाहत होता. इथं राहिलं तर खोलीत तो आणि बोळात मी. तिथं गेलं तर तोही तिथं आणि मीही तिथं, पण फ्रीज नाही. गणित कुठूनही सोडवलं तरी मेहुणा उरतच होता.

“तिकडे छत उंच आहे म्हणे,” बायको म्हणाली.

“तू चल ना मग.”

“मी? मला कुठं काय वाजवता येतंय?”

तिनं टेप गळ्यातून काढलं आणि बोलता बोलता मागच्या खोलीच्या उंबऱ्याची रुंदी घेतली. कानवाल्यांना वाटलं, पियानो बाहेर निघेल का ते पाहतेय.

तळ्याकाठचं घर खरोखरच चांगलं होतं. जेवण गरम असायचं. कुणी काही विचारत नसे. शांतता तर एवढी होती की पाण्यावरचं पान ऐकू यावं, आणि त्या शांततेत मेहुणा रोज सकाळी सात-आठ तारा बिघडवायचा. महिनाअखेरीला दालनात माणसं जमायची, शंभर-दीडशे, सगळी मोज्यांवर. कार्यक्रमपत्रिकेत मेहुण्याची सतरा वाद्यं एकाखाली एक छापलेली होती, आणि त्यांच्याखाली, त्याच टायपात: ‘अठरावे: भावोजी’.

कानवाले पाठमोरे बसून चार तास पियानो लावायचे. मागून मेहुणा वेडावायचा. ठरल्या जागी ‘माझं टेबल चपलांत आहे’ म्हणून ओरडावं लागे. पहिल्यांदा ते मनापासून ओरडले होते, आता ते पाठ झालं होतं. लोक तिथं हमखास उसासा टाकत. हे सगळंही चाललं असतं. त्यांना सोसत नव्हती ती शेवटची तार. दोनशे एकोणतीस सरळ बोलतायत आणि एक वाकडी. टाळ्यांतूनही तेवढीच ऐकू यायची. पहिल्या प्रयोगानंतर दालन रिकामं झाल्यावर कानवाले किल्ली घेऊन हळूच परत आले, तर गृहस्थ झाकणाला कुलूप घालत होते.

“कलमात आहे,” गृहस्थ कसनुसं हसून म्हणाले. “माझ्या कानाला विचाराल तर लावलेली बरी वाटली असती. पण माझ्या कानाला कोण विचारतंय?”

दुसऱ्या दिवशी कानवाल्यांनी घरी फोन केला. “कशी आहेस?”

“बरी आहे. तुमचा खोकला?”

“खोकला नाही. मागं कसला आवाज येतोय?”

“मशीनचा. टेबल परत आत नेलंय मी, खिडकीखाली. उत्तरेचा उजेड काय छान येतो हो तिथं! पडदा आख्खा पसरता येतो. नाटकगृहाचं मोठं काम घेतलंय. बाई ठेवलीय हाताखाली, तीच शिवतेय आत्ता.”

कानवाले ऐकत राहिले. मशीन एका चालीत पळत होतं. त्यांनी डोळे मिटले. “पट्टा ढिला झालाय त्याचा,” ते म्हणाले. “लाट येतेय.”

“येऊ दे. मला नाही ऐकू येत.”

तीन वर्षं सरली तेव्हा कुणाला काय मिळालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मेहुण्याला उंच छत मिळालं. समीक्षकाला ग्रंथ मिळाला, नाव ‘मधूनच’. अध्यक्षीणबाईंना महिन्यातून एकदा रडायला मिळालं. बायकोला मिळाली नऊ बाय चौदाची खोली, आणि ती रिकामी करून मागायला सोय उरली नव्हती, कारण तिथं आता दोन मशिनं होती. किंमत भरली ती अर्ज भरणाऱ्यानं: छत्तीस महिने, महिन्याला एक वाकडी तार.